नऊ नंबरचे पाणी

तांब्यांविरुद्ध माझ्याकडे एकूण अकरा लेखी तक्रारी होत्या. त्यांतील चार मी स्वतः केलेल्या होत्या. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने त्या मीच स्वीकारल्या, त्यांची पोच मलाच दिली आणि क्रमाने फायलीत लावल्या. फाईल अजून माझ्याकडे आहे. तांबे नाहीत.

आमची इमारत चिंचपोकळी आणि काळाचौकी यांच्यामध्ये, जुन्या चाळीच्या जागी उभी आहे. चाळीत एका नळावर चौदा बिऱ्हाडे होती. टॉवरमध्ये प्रत्येकाला स्वतःचा नळ आणि स्वतःचा बंद होणारा दरवाजा मिळाला. त्यामुळे भांडणे थांबली आणि तक्रारी लेखी येऊ लागल्या. चाळीत तांबे एका टोकाला राहत, मी दुसऱ्या. सोडतीत अकराव्या मजल्यावर त्यांना नेमका माझ्या समोरचा दरवाजा आला. त्याबद्दल आम्ही दोघांनीही नशिबाला दोष दिला आणि त्या एकाच मुद्द्यावर आमचे पहिल्यापासून एकमत होते.

माणूस ठेंगणा, काटकुळा. अर्ध्या बाह्यांचा सदरा. खिशात पेनाऐवजी स्टीलचा एक चिमटा असे, नळी दाबून बंद करण्याचा, इस्पितळातला. त्या चिमट्याने ते बिस्किटांचा पुडा बंद करीत, वाळत घातलेला टॉवेल अडकवीत आणि कोणी फार बोलू लागला तर तो खिशातून काढून नुसता उघडमीट करीत बसत. समोरचा थोड्या वेळाने गप्प होई.

परळच्या एका मोठ्या इस्पितळात ते डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होते. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत त्यांचे रक्त नळीतून बाहेर काढायचे, यंत्रात धुवायचे आणि परत अंगात सोडायचे, हे काम त्यांनी तेहेतीस वर्षे केले. त्या कामातून त्यांनी जे तत्त्वज्ञान कमावले ते एका ओळीचे होते.

“जेवढं बाहेर, तेवढं आत. बाकी सगळं प्रवचन.”

हे वाक्य ते कोठेही वापरीत. लग्नातल्या आहेराबद्दल, सोसायटीच्या निवडणुकीबद्दल, माझ्या बद्धकोष्ठाबद्दलही.

त्यांची एक सवय मी चाळीपासून पाहत आलो. कोठूनही बाहेर पडताना ते दारात थांबत, मागे वळत आणि मनात दहा मोजत खोलीकडे पाहत. वॉर्डची सवय. यंत्र सुरू करून पाठ फिरवायची नाही. पहिल्या दहा आकड्यांत जे बिघडायचे ते बिघडते, असे त्यांचे म्हणणे. घरी यंत्र नव्हते तेव्हाही ते दहा मोजतच बाहेर पडत. सुमनवहिनी म्हणत, “तेहेतीस वर्षं हे माझ्याकडे असे वळून बघतात. मला आधी वाटायचं प्रेम आहे. मग कळलं, गळती बघतात.”

मोठ्या माणसांचा त्यांना धाक नव्हता. एकदा त्यांच्या यंत्रावर एक पुढारी होते. त्यांना संध्याकाळी सभेला जायचे होते. त्यांनी फर्मावले, “चार तासांचे तीन करा.”

तांबे म्हणाले, “करतो साहेब. रक्त तेवढंच कमी धुतलं जाईल. उरलेल्या घाणीवर भाषण करा.”

पुढारी चार तास पडून राहिले. पुढे दर वर्षी त्यांचा दिवाळीचा मिठाईचा डबा येई. तांबे तो उघडून पाहत आणि म्हणत, “मधुमेहाच्या पेशंटनं पाठवलाय. ह्याला म्हणतात सूड.”

ते निवृत्त झाले त्या आठवड्यात मासा आला.

माझगावच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई लालबागच्या बाजारात मासळी घेऊन बसतात. त्यांचा नवरा तांब्यांच्या वॉर्डमध्ये नऊ नंबरच्या खाटेवर अकरा वर्षे येत होता. त्याला केळे, शहाळे, लोणचे वर्ज्य होते. नेमक्या त्याच वस्तू त्याच्या उशीखाली सापडत. तांबे त्याला आठवड्यातून तीनदा शिव्या देत आणि तो आठवड्यातून तीनदा हसत असे. तो गेल्यावर हिराबाईंनी तांब्यांना पापलेटाचा चढा भाव कधी लावला नाही. निवृत्तीची बातमी कळल्यावर त्यांनी झाकणाचा एक डबा तांब्यांच्या हातात ठेवला. आत पाणी होते आणि पाण्यात वीतभर लांबीचे, अंगभर ठिपक्यांचे हेकरू. खडकात राहणारा मासा. त्यांच्या मुलाच्या जाळ्यात जिवंत सापडलेला.

“आता घरान बसून काय करशील, दादा? वयनीचं डोकं खाशील. ह्यो घे, पाळ. नाय जमला तर तवा हाय.”

रविवारी तो तव्यावर जाणार, असे ठरले. वहिनींनी मसालाही वाटला. रविवारी सकाळी तांब्यांनी बादलीत डोकावून पाहिले. हेकरू खालचा ओठ पुढे काढून, डोळे गरगर फिरवीत त्यांच्याकडे पाहत होते.

“सुमन,” ते आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, “हा नऊ नंबर आहे.”

त्या दिवशी तांब्यांकडे अंड्याचे कालवण झाले. पुढच्या आठवड्यात हिराबाई स्वतः पाहायला आल्या.

“माझ्या म्हाताऱ्याचा नंबर मास्याला दिलास?”

“स्वभाव बघ. भूक बघ. तोंड बघ.”

हिराबाईंनी बराच वेळ पाहिले. मग पदर तोंडाला लावून त्या म्हणाल्या, “खरा हाय रे. तसाच हाय मेला.” त्या रडत होत्या की हसत होत्या, हे मी विचारले नाही. माझा तो प्रांत नाही.

बादलीतून नऊ नंबर टबात गेला, टबातून काचेच्या टाकीत. टाकी भिंतीएवढी लांब, चारशे लिटरची. तेव्हा मी पहिली तक्रार लिहिली आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवला. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो. वर काच, वर वाळू. स्लॅबला धोका. सभेत माझ्या म्हणण्याला चांगला पाठिंबा मिळत होता. तांब्यांच्या बरोबर खाली, दहाव्या मजल्यावर परब राहतात. मालवणकडचे, अंगापिंडाने भरदार. ते तर उभेच राहिले.

“तो मासो माझ्या डोक्यार पडलो तर जबाबदार कोण?”

तांबे बसल्या जागेवरून म्हणाले, “परब, तुमच्याकडे गणपतीत पंचवीस माणसं फुगड्या घालतात. त्यांचं वजन कोणी काढलंय? नवव्या मजल्यावरचे पाटणकर अजून जिवंत आहेत. आणि माझा मासा नाचत नाही.”

सभा हसली. ठराव पडला. इतिवृत्तात मी ‘चर्चा झाली’ एवढेच लिहिले.

खारे पाणी त्यांनी समुद्रावरून कधी आणले नाही. समुद्र येथून हाकेच्या अंतरावर असताना हा माणूस गाळलेल्या गोड्या पाण्यात माशांसाठीचे खास मीठ विरघळवून, काचेच्या नळीने क्षार मोजून घरी समुद्र तयार करी. मी कारण विचारले.

“सेक्रेटरी, त्या समुद्रात तुम्ही-आम्ही रोज सकाळी काय सोडतो ते मला ठाऊक आहे. ते मी पेशंटला देणार नाही.”

“मासा त्याच समुद्रातून आला आहे.”

“माणूसही इथेच आजारी पडतो. म्हणून त्याला सलाईन गटारातलं लावायचं का?”

आता खरी अडचण सांगतो. हेकरू खादाड असते. नऊ नंबरला दिवसाला मूठभर कोळंबी लागे, आणि जे खाई त्याची घाण तो त्याच पाण्यात करी. गाळणीत कचरा अडकतो, विष अडकत नाही. ते काढायचे तर पाणीच काढावे लागते आणि तितकेच नवे घालावे लागते; खारेपणा तोच, ऊब तीच. तांबे रोज वीस लिटर पाणी बादलीने काढीत आणि वीस लिटर भरीत. एक दिवस चुकवला तर मासा कोपऱ्यात जाऊन धापा टाकी. दोन वर्षे त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. म्हणजे दोन वर्षे ते घर सोडून एक रात्रही कोठे गेले नाहीत.

नागपूरलाही नाही. लग्न झाल्यापासून दसऱ्याला तांबे आणि वहिनी जोडीने दीक्षाभूमीला जात. मुलगी नागपूरलाच दिलेली. पहिल्या वर्षी तांबे म्हणाले, पुढच्या वर्षी जाऊ. दुसऱ्या वर्षीही तेच म्हणाले. तिसऱ्या वर्षी श्रावणात वहिनींनी दोन तिकिटे काढून आणली आणि दार उघडे ठेवून, मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

“अहो, बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं. माशाचा नोकर नाही केलं. चार दिवस आहेत. तुम्ही येत असाल तर बरोबर जाऊ. नसाल तर मी एकटी जाईन आणि आल्यावर त्याचं कालवण करीन. बाटलीत मसाला अजून आहे.”

तांबे चिमटा उघडमीट करीत बसले. त्याच सुमारास त्यांची कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी बादली उचलायला बंदी केली होती. म्हणजे एकीकडे बायको, दुसरीकडे पाठीचा मणका, आणि मध्ये मासा. दसऱ्याला दोन महिने होते.

त्या दोन महिन्यांत त्यांनी जे केले, त्यामुळे माझ्या फायलीत पाच तक्रारी वाढल्या. आवाजाच्या तीन, वासाच्या दोन.

यंत्र मुळात साधे होते. भंगारबाजारातून त्यांनी एक रोलरचा पंप आणला. त्यात पाणी यंत्राला शिवत नाही. मऊ नळीवरून रोलर फिरतो आणि नळी पिळत पिळत पाणी पुढे ढकलतो. वॉर्डात रक्त असेच फिरते. तांब्यांनी एका मोटरीच्या दांड्यावर दोन रोलर बसवले. एका रोलरखालची नळी टाकीतले जुने पाणी काढून मोरीत सोडी. दुसऱ्या रोलरखालची नळी निळ्या पिंपातले नवे खारे पाणी टाकीत आणी. मोटर एकच, दांडा एकच, नळ्या एकाच जाडीच्या. एक फिरला की दुसरा फिरणारच. घड्याळी बटण लावून दर तासाला काही मिनिटे मोटर चाले आणि दिवसाकाठी वीस लिटर बदलून होई. मासा जागचा हलत नसे.

चाचणी म्हणून त्यांनी दोन्ही नळ्या महिनाभर दोन बादल्यांत सोडल्या, बादल्यांवर खुणा केल्या आणि रोज मला बोलावून त्या दाखवल्या. एका नळीतून कपभर पाणी जास्त येई. चहात साखर कमी पडल्यावर माणूस जसा अस्वस्थ होतो तसे ते अस्वस्थ झाले. नळ्या बदलल्या. तरी फरक. शेवटी त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली आणि दोष नळीत नसून रोलरच्या एका स्क्रूत आहे, हे शोधून काढले. त्या दिवशी खुणा जुळल्या.

“बघा सेक्रेटरी. जेवढं बाहेर, तेवढं आत. थेंबाचा फरक नाही. तुमच्या हिशेबतपासनिसाला दाखवा.”

मी म्हणालो, “चारशे लिटर स्वच्छ पाण्यातून रोज वीस लिटर मोरीत सोडणे ही नासाडी आहे.”

“तुमची लघवीही दिसायला स्वच्छच असते. ठेवून घेता का?”

ही सातवी तक्रार. अर्वाच्य भाषा. ती मी नोंदवली, पुढे पाठवली नाही.

निघण्याच्या दिवशी त्यांनी घराची चावी माझ्या हातात दिली. इमारतीत दुसऱ्या कोणाला द्यावी असे त्यांना वाटले नाही, की दुसरा कोणी घेईना, हे मला माहीत नाही. सूचना पाऊण तास चालल्या. मी मान हलवत होतो. शेवटी ते म्हणाले, “हे सगळं विसरलात तरी चालेल. सकाळी कोळंबी टाकायची आणि बघायचं. हात लावायचा नाही.” मग दारात थांबले, वळले आणि दहा मोजले. त्या दिवशी बहुधा वीस मोजले असावेत, कारण वहिनींना लिफ्ट दोनदा अडवून धरावी लागली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या भागातली जलवाहिनी फुटली. पाणी निम्म्यावर आले. मी लिफ्टपाशी सूचना लावली: पाणी जपून वापरावे, नासाडी करणाऱ्यावर कारवाई होईल. सूचना लावून मी तांब्यांकडे गेलो, कोळंबी टाकली आणि मोरीत पाहिले. नळीतून नितळ पाणी वाहत होते.

यानंतर मी जे केले त्याचे समर्थन करीत नाही, स्पष्टीकरण देतो. मी चाळीत वाढलो. पहाटे तीन कळशांसाठी मी माझ्या सख्ख्या मावशीशी वर्षभर बोललो नव्हतो. वाहते पाणी पाहिले की माझा हात विचारून हलत नाही. एक दिवस बदलले नाही तर काय बिघडते, असा विचार मी केला, असे म्हणणेही खोटे होईल. मी नळी दुमडली आणि खिशातल्या सुतळीने घट्ट बांधली. मग मोरीत शांतता झाली. मला बरे वाटले.

आत येणारी नळी माझ्या ध्यानातही आली नाही. चाळीतल्या माणसाला पाणी जाते एवढेच ठाऊक असते. ते नको असताना येते, हे त्याच्या अनुभवात नाही.

दसऱ्याला दुपारी बाराच्या सुमारास परब दारात उभे राहिले. नवा सदरा, कपाळाला गंध, हातात आपट्याची पाने. पण सोने द्यायला आले नव्हते.

“सेक्रेटरी, माझ्या छतातून पाणी येता. चाखून बघितलंय. खारट आसा. वर कोण रडता काय?”

मी चावी घेऊन धावलो. धावलो म्हणजे या वयात जितके धावता येते तितके. टाकी काठोकाठ भरून वाहिली होती. पाणी मांडणीखालच्या वीजफळीवर साचले होते आणि घरातला मेन उडाला होता. मोटर बंद, गाळणी बंद. टाकीत हवा सोडणारा छोटा पंप जमिनीवर होता, तो पाण्यात बुडून निकामी झाला होता. नऊ नंबर वर आला होता आणि तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होता. आता तो हातभर लांब झाला होता.

मी तांब्यांना फोन लावला. मागे माणसांचा समुद्र ऐकू येत होता, ‘जय भीम’ची ललकारी ऐकू येत होती. मी जे झाले ते सांगितले. गाठीचे सांगितले नाही. ‘नळी बंद झाली’ असे म्हणालो. कर्तरी प्रयोग टाळला.

तांबे ओरडले नाहीत. आवाज उलट खाली आला. वॉर्डात वीज गेल्यावर त्यांचा आवाज असाच होत असणार.

“वीजफळीला हात लावू नका. परब आहेत तिथे? दोघं स्टुलावर उभे राहा. हातात एकेक मग घ्या. टाकीतलं पाणी काढा आणि हातभर उंचावरून टाकीतच ओता. पडताना पाणी हवा घेऊन जातं. थांबायचं नाही.”

“किती वेळ?”

“पेशंट सांगेल. मशीन बंद पडलं तर आम्ही हातानं फिरवायचो. हात मशीनपेक्षा वाईट नसतो, सेक्रेटरी. फक्त कुरकुरतो.”

मी एक मग घेतला, परबांनी तांब्या घेतला. मधल्या वेळात मी आमच्या नेहमीच्या वायरमनला फोन केला. तो काळाचौकीतच राहतो. म्हणाला, “काका, आज हत्यारांची पूजा मांडलीय. पक्कडीवर झेंडू आहे. नैवेद्य झाल्याशिवाय उचलली तर आई घरात घेणार नाही.”

“नैवेद्य कधी?”

“पुरणाचा आहे. वेळ लागेल.”

दोन तास आणि वर काही मिनिटे आम्ही माशाला आंघोळ घालीत होतो. परबांचा नवा सदरा भिजला. गंध ओघळून नाकापर्यंत आले. एका क्षणी ते थांबून माशाकडे पाहत म्हणाले, “ह्याचा कालवण केला असता तर आतापर्यंत जेवान झाला असता.”

“ओता,” मी म्हणालो.

“ओततंय. तुमी सेक्रेटरी, मी ओततंय.”

मासा दोनदा कलला. दुसऱ्यांदा तो अर्धा आडवा झाला, तेव्हा परब ओतता ओतता त्याला मालवणीत शिव्या देऊ लागले. “उठ रे भोसडीच्या, माझो सणाचो दिवस घालवलंस.” मासा सरळ झाला. शिव्यांमुळे की हवेमुळे, याची शहानिशा मी केली नाही. मी मध्येच मोरीत जाऊन गाठ न सोडताच सुतळी नळीवरून ओढून काढली. घाईत ती गाठीसकट तेथेच राहिली.

वायरमन आला, पक्कडीला हळद-कुंकू लावूनच. मेन सुरू झाला. लालबागच्या एका दुकानातून हवेचा नवा पंप आला. संध्याकाळपर्यंत नऊ नंबरने कोळंबी मागितली. परब घरी गेले आणि जाताना आपट्याची ओली पाने माझ्या हातात ठेवून गेले.

तांबे परतले. जमिनीवर पांढरे ओघळ वाळले होते. वहिनी खाली वाकून म्हणाल्या, “मीठ संपलं होतं, बरं झालं.” तांब्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली, मोरीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा हात खिशात होता. मला काही विचारले नाही. मीही काही सांगितले नाही. आठ दिवसांत त्यांनी टाकीच्या काठाशी एक तरंगता गोळा बसवला. पाणी ठरल्या रेषेवर गेले की मोटर थांबते.

“चुका धरून मशीन करायचं असतं,” ते म्हणाले. “माझी चूक झाली. मी तुम्हांला धरलं नव्हतं.”

वर्षभर मी तक्रार केली नाही. लोकांनी केल्या, त्या मी उशिराने नोंदवल्या.

पुढच्या दसऱ्याला मला खात्री होती की चावी परबांकडे जाईल. तसे ठरवून मी दार लोटून आत बसलोही होतो. तांब्यांनी बेल वाजवली. मागे वहिनी पांढरी साडी नेसून, पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी चावी पुढे केली. चावीला सुतळी होती. सुतळीला गाठ होती: दोन वेढे, सपाट, एक फास, टोके समान. मी एकतीस वर्षे न्यायालयाच्या दप्तरखान्यात फायली बांधल्या आहेत. या इमारतीत अशी गाठ दुसरा कोणी मारत नाही. वर्षभर त्यांनी ती सोडवली नव्हती.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. त्यांनी खिशातून चिमटा काढला आणि उघडमीट केला. मी गप्प झालो.

“वॉर्डात एकदा चुकलेला माणूस मी कधी बदलला नाही, सेक्रेटरी,” ते म्हणाले. “नवा आला की तो पहिल्यापासून चुकायला लागतो.”

चारही दिवस मी कोळंबी टाकली आणि हात मागे बांधून उभा राहिलो. यंत्र चालले. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला. तांबे मुलीच्या घरी जेवून आडवे झाले होते, ते उठले नाहीत. वहिनी म्हणाल्या, “भावजी, आडवं व्हायच्या आधी विचारत होते, रेषेवर आहे का म्हणून. काय सांगू?” मी मोरीत जाऊन पाहिले, टाकीपाशी जाऊन पाहिले आणि सांगितले, “रेषेवर आहे.” विचारणारा नव्हता, तरी नोंद बरोबर असावी.

नऊ नंबर अजून आहे. हिराबाई म्हणाल्या, समुद्रात सोडू. वहिनी म्हणाल्या, नको, तिकडचं पाणी त्यांना चालत नव्हतं. वहिनी स्वतः मीठ मोजतात. पापलेट, सुरमई पूर्वीसारखेच खातात, टाकीसमोर बसून खातात. मसाल्याची बाटली फळीवर आहे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यामुळे तो वळणावर राहतो.

निघण्याच्या त्या सकाळी आणखी एक गोष्ट घडली. ती तक्रारींच्या फायलीत बसत नाही, म्हणून येथे लिहितो. चावी देऊन झाली. वहिनींनी लिफ्ट बोलावली. तांब्यांचे दार उघडेच होते आणि आत मोटर नुकतीच सुरू झाल्याचा आवाज येत होता. त्यांना वळून पाहायला जागा हवी म्हणून मी एक पाऊल मागे सरलो आणि त्यांच्या वतीने मनात मोजू लागलो. तांब्यांनी न वळताच, पाठीमागे हात नेऊन दार ओढून घेतले आणि वहिनींच्या हातातली पिशवी घेतली.

मी तीनपर्यंत आलो होतो, तेव्हा लिफ्ट खाली गेलीसुद्धा.